आउटबोर्ड मोटर : तापवृद्धी व इंधनदोष यांचा इतिहास

आउटबोर्ड मोटर : लहान नावेच्या पिछाडीच्या आडव्या फळीवर बाहेरच्या बाजूने चापांनी पक्के बसविता येणारे व काम संपल्यावर काढून नेता येणारे नौकाचालक यंत्र. यात एंजिन, उभा चालकदंड, दंतचक्रे व पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा ही सर्व अंगे एकाच उभ्या सांगाड्यात सामावलेली असतात. संपूर्ण यंत्र उभ्या आसाभोवती वळविता येत असल्यामुळे नावेला वेगळे सुकाणू लागत नाही आणि उथळ पाण्यात ते वर उचलून धरता येते. मासेमारी, प्रवासी वाहतूक, पूरग्रस्तांची सुटका, किनारारक्षण, जलक्रीडा इ. कामांसाठी जगभर या यंत्राचा वापर होतो.

हे यंत्र हलके व सुटे असावे या एकाच गरजेतून त्याचे बहुतेक गुण आले आणि त्याचे दोन जुनाट दोषही त्याच गरजेतून आले. मोटारगाडीत थंड पाण्याचा बंद साठा व तो निववणारा रेडिएटर असतो. आउटबोर्ड मोटरीला हे वजन परवडत नाही. म्हणून नाव ज्या पाण्यात चालते तेच पाणी, मग ते खारे असो, गाळाचे असो वा शेवाळाने भरलेले असो, ओढून घेऊन ती स्वतःला थंड करते. तसेच द्विधाव एंजिन हे सर्वांत हलके असल्यामुळे दीर्घ काळ तेच वापरले गेले. या एंजिनात वंगणासाठी वेगळी तेलाची कुंडी नसते. इंधनात मिसळलेले तेलच यंत्राच्या फिरत्या भागांना वंगण पुरविते. याचा अर्थ असा की, इंधनाचा पुरवठा कमी झाला की वंगणाचाही कमी होतो. तापवृद्धी व इंधनदोष हे वरवर दोन भिन्न बिघाड वाटत असले, तरी अनेकदा ते एकाच कारणाची दोन रूपे असतात. शंभरांहून अधिक वर्षांत या यंत्रात झालेल्या सुधारणांचा इतिहास हा मुख्यतः या दोन दोषांशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

आरंभ : नावेवरून काढता येणारी पहिली मोटर विजेवर चालणारी होती. ग्यूस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकांनी १८८१ च्या मे महिन्यात पॅरिस येथे सेन नदीवर आपल्या लहान नावेच्या सुकाणूवर विद्युत् चलित्र बसवून ती चालवून दाखविली. या मोटरीत जळणारे इंधन नसल्याने वरील दोन्ही दोषांचा प्रश्न नव्हता. परंतु त्या काळातील विद्युत् घटमाला जड व अल्पजीवी असल्याने तिचा व्यवहारात प्रसार झाला नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या सुट्या मोटरी अमेरिकेत १८९६ च्या सुमारास अल्प संख्येने तयार झाल्या.

येल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतलेले कॅमेरन वॉटरमन यांनी मोटारसायकलच्या एंजिनावरून कल्पना घेऊन १९०५ मध्ये डिट्रॉइट नदीवर आपल्या मोटरीची चाचणी घेतली व लवकरच तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. ‘आउटबोर्ड मोटर’ या संज्ञेच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. त्यांच्या आरंभीच्या मोटरी मोटारसायकलप्रमाणे हवेने थंड होणाऱ्या होत्या. मोटारसायकल वेगाने धावते व तिच्या सिलिंडरावरून वारा वाहतो. संथ चालणाऱ्या नावेत असा वारा मिळत नाही. शिवाय नाव पाण्याचा मोठा विरोध सतत सहन करीत असल्यामुळे एंजिनावर अखंड भार असतो. उतारावर गाडीच्या एंजिनाला जी विश्रांती मिळते, ती नावेच्या एंजिनाला कधीच मिळत नाही. त्यामुळे हवाशीतन अपुरे पडले व लवकरच जलशीतनाचा अवलंब झाला.

आउटबोर्ड मोटरीला स्थिर स्वरूप देण्याचे कार्य ओले एव्हिन्रूड (१८७७–१९३४) यांनी केले. नॉर्वेत जन्मलेले व लहानपणी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आलेले एव्हिन्रूड हे साचे बनविणारे कुशल कारागीर होते. मिलवॉकी येथे त्यांनी तयार केलेली मोटर १९०९ मध्ये बाजारात आली. ती सु. दीड अश्वशक्तीची असून तिचे वजन सु. २८ किग्रॅ. होते. आडवा सिलिंडर, उभा भुजादंड, पाण्याखालच्या पेटीतील दंतचक्रांची जोडी व तिच्या टोकाला पंखा ही त्यांची मांडणी पुढे सर्वमान्य झाली. त्यांच्या पत्नी बेस एव्हिन्रूड यांनी जाहिरात व पत्रव्यवहार सांभाळून या मोटरीचा प्रसार केला. १९२० च्या सुमारास एव्हिन्रूड यांनी ॲल्युमिनियमचा भरपूर वापर केलेली, दोन सिलिंडरांची व अधिक हलकी ‘एल्टो’ ही मोटर सिद्ध केली. त्याच सुमारास जॉन्सन बंधूंनी इंडियाना राज्यात सु. १६ किग्रॅ. वजनाची दोन सिलिंडरांची मोटर विक्रीस आणली. वजन घटले, फेऱ्यांची गती वाढली; पण त्याबरोबर एंजिनाच्या लहानशा धातुपिंडातून बाहेर काढावयाच्या उष्णतेचे प्रमाणही वाढले. ॲल्युमिनियमचा दट्ट्या म्हणजे पिस्टन तापल्यावर सिलिंडराच्या लोखंडी अस्तरापेक्षा अधिक प्रसरण पावतो. शीतन थोडा वेळ जरी थांबले, तरी तो अस्तराला घासतो व अखेरीस जाम होतो. मोटरी हलक्या होत गेल्या, तशी चुकीला असलेली सवलतही कमी होत गेली.

शीतनव्यवस्थेचा विकास : एव्हिन्रूड यांच्या सुरुवातीच्या मोटरीत शीतनाचे पाणी वर चढविण्यासाठी मागेपुढे सरकणारा दट्ट्याचा लहान पंप होता. त्यातील झडपांखाली वाळूचा कण वा पाल्याचा तुकडा अडकला की पाणी बंद होई. १९४० नंतरच्या दशकात या पंपाची जागा लवचिक पात्यांच्या रबरी चक्राने घेतली. हे चक्र चालकदंडावरच, पाण्याच्या पातळीजवळ बसविलेले असते व ते विकेंद्री कोठीत फिरते. पाती एका बाजूस दबतात व दुसऱ्या बाजूस उलगडतात. त्यामुळे कमी वेगात ती पाणी रेटून वर चढवितात व अधिक वेगात केंद्रोत्सारी पंपाप्रमाणे काम करतात. बारीक वाळूही ती काही प्रमाणात पुढे ढकलतात.

या पंपाची मर्यादाही त्याच्या रबरातच आहे. पात्यांना वंगण मिळते ते केवळ पाण्याचेच. मोटर पाण्याबाहेर काही सेकंद चालविली तरी पाती घर्षणाने करपतात. दीर्घ काळ न वापरता ठेवलेल्या मोटरीत पाती दबलेल्या स्थितीतच कायमची वाकून बसतात. तुटलेल्या पात्यांचे तुकडे पाण्याच्या नळीतून वर जाऊन अरुंद मार्गांत अडकतात. त्यामुळे नवे चक्र बसविल्यावरही एंजिन तापतच राहते आणि दुरुस्ती करणारा गोंधळात पडतो. म्हणून जुने चक्र काढल्यावर त्याची पाती मोजून पाहण्याची व हरवलेले तुकडे शोधून काढण्याची रीत कुशल कारागिरांत रूढ झाली.

खाऱ्या पाण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. समुद्राचे पाणी तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे गरम भिंतीवर पुटासारखी साचू लागतात व तापमान वाढेल तसा हा वेग वाढतो. म्हणून मोटारगाडीचे एंजिन सामान्यतः ८०° ते ९५° से. या मर्यादेत चालविले जाते, तर आउटबोर्ड मोटरीतील तापनियंत्रक झडप म्हणजे थर्मोस्टॅट पुष्कळदा ६०° से. च्या आसपासच उघडते. अशी झडप नसती, तर एंजिन गरजेपेक्षा थंड राहून इंधन नीट पेटले नसते. आणि ती मिठाने गंजून बंद स्थितीत अडकली, तर पंप उत्तम असूनही सिलिंडराभोवती पाणी खेळत नाही. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर गोड्या पाण्याने मोटर आतून धुण्याचा नियम या कारणाने पडला. पाण्याचे मार्ग गंजू नयेत म्हणून जस्ताचे वा तत्सम धातूचे तुकडे एंजिनाला जोडतात. ते स्वतः झिजून मुख्य धातूचे रक्षण करतात.

शीतन चालू आहे की नाही हे चालकाला कळावे म्हणून एंजिनाच्या मागील बाजूने पाण्याची एक बारीक धार बाहेर सोडण्याची व्यवस्था पुढे सार्वत्रिक झाली. या धारेचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. पंप पाणी चढवीत आहे एवढेच ती सांगते. ते पाणी सिलिंडराभोवतीच्या सर्व मार्गांतून फिरत आहे अशी हमी ती देत नाही. अनेक मोटरींत तापमान मर्यादेबाहेर गेल्यास भोंगा वाजविणारी किंवा एंजिनाची गती आपोआप उतरविणारी योजना असते. तीमुळे धारेकडे सतत पाहण्याची गरज कमी झाली, पण संपली नाही.

दुरुस्तीतून उभा राहिलेला उद्योग : आउटबोर्ड मोटरींच्या इतिहासात १९३९ सालाला विशेष स्थान आहे. त्या वर्षी कार्ल कीकहेफर यांनी विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग येथील एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला. दुग्धव्यवसायासाठी चुंबकीय विलगक तयार करावेत असा त्यांचा बेत होता. कारखान्याच्या साठ्यात टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीने नाकारलेल्या सु. ३०० सदोष आउटबोर्ड मोटरी पडून होत्या. पैसा उभा करण्यासाठी कीकहेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मोटरी खोलून, दोष शोधून व सुधारून विकण्यायोग्य केल्या. त्या इतक्या समाधानकारक ठरल्या की, त्याच कंपनीने आणखी मोटरींची मागणी केली. यातूनच पुढे ‘मर्क्युरी’ या नावाने प्रसिद्ध झालेला उद्योग उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात या मोटरींची कठोर परीक्षा झाली. १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन सेनेने ऱ्हाईन नदी ओलांडताना आउटबोर्ड मोटरी बसविलेल्या हल्लानौका वापरल्या. मोटर पहिल्या झटक्याला सुरू होणे वा न होणे हा तेथे सैनिकांच्या जीविताचा प्रश्न होता.

इंधनव्यवस्थेचा विकास : आरंभीच्या मोटरीत इंधनाची लहान टाकी एंजिनाच्याच डोक्यावर वा मागे बसविलेली असे व इंधन गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरमध्ये उतरे. व्यवस्था साधी व म्हणून भरवशाची होती. पण टाकी लहान असल्याने डुलत्या नावेत, तापलेल्या एंजिनावर वारंवार पेट्रोल ओतावे लागे व आगीचा धोका संभवे. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीने नावेत वेगळी ठेवावयाची टाकी प्रचारात आणली. तिला दोन नळ्या असत. एकीतून एंजिनाच्या भुजापेटीतील हवेचा दाब टाकीत जाई व दुसरीतून त्या दाबाने इंधन एंजिनाकडे ढकलले जाई. टाकीचे झाकण जरा सैल राहिले तरी दाब निसटे व एंजिन बंद पडे. शिवाय दाबाखालील पेट्रोलची टाकी नावेत बाळगणे सुरक्षित नव्हते. १९६० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. भुजापेटीतील दाबाच्या चढउतारावर हलणारे पातळ पटल असलेला पंप एंजिनावरच बसविण्यात आला व टाकीपासून एकच नळी पुरेशी झाली. सुरुवातीस इंधन चढविण्यासाठी नळीत हाताने दाबावयाचा रबरी फुगा आला. आजही बहुसंख्य लहान मोटरींत हीच व्यवस्था आढळते.

नव्या पद्धतीने दोषाचे स्थान बदलले. आता टाकी दाबाखाली नसून एंजिन तिच्यातून इंधन शोषून घेते. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडावयास विसरले, तर टाकीत निर्वात होऊन एंजिन काही मिनिटे उत्तम चालते व मग गुदमरल्यासारखे बंद पडते. नळीच्या जोडावरील रबरी कडी झिजली, तर इंधन गळत नाही. उलट बाहेरची हवा आत शोषली जाते. गळती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे हा दोष ओळखणे विशेष कठीण असते.

तेलाच्या प्रमाणातही मोठा बदल झाला. जुन्या मोटरींत १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल हे प्रमाण सामान्य होते. ‘ब्रिटिश सीगल’ या साध्या व दणकट इंग्लिश मोटरीच्या जुन्या नमुन्यांत तर ते १० ला १ इतके होते. धूर फार होई, प्लग काजळत, परंतु वंगणाची उणीव क्वचितच भासे. धारव्यांच्या रचनेत व तेलाच्या गुणवत्तेत सुधारणा झाल्यावर १९६४ पासून एव्हिन्रूड व जॉन्सन मोटरींसाठी ५० ला १ हे प्रमाण शिफारसले गेले. १९८४ मध्ये याच उत्पादकांनी गतीनुसार तेलाचे प्रमाण आपोआप बदलणारा पंप आणला. धूर व खर्च कमी झाला. मात्र मिश्रणात थोडीशी चूक झाली तरी तिचे परिणाम पूर्वीपेक्षा गंभीर होऊ लागले. जलशीतित आउटबोर्ड मोटरीसाठी राख न सोडणारे विशेष तेल लागते. हवेने थंड होणाऱ्या व अधिक तापणाऱ्या स्कूटरच्या एंजिनासाठी बनविलेले तेल तिच्यात वापरल्यास धातूची राख प्लगवर व दट्ट्याच्या माथ्यावर साचते आणि मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटण्याचा संभव निर्माण होतो.

दोन दोषांचा परस्परसंबंध : कार्ब्युरेटरच्या तोटीत कचरा अडकला किंवा नळीतून हवा शिरली, तर सिलिंडरात येणाऱ्या मिश्रणात इंधनाचे प्रमाण घटते. असे विरळ मिश्रण द्विधाव एंजिनात तिहेरी अपाय करते. त्याच्या ज्वलनाने दट्ट्याचा माथा अधिक तापतो. बाष्पीभवन होणाऱ्या इंधनामुळे आतून मिळणारा गारवा कमी होतो. आणि इंधनाबरोबर येणारे तेलही कमी होते. पाण्याची धार जोरात वाहत असतानाही दट्ट्या वितळू वा जाम होऊ शकतो. याउलट शीतन बिघडून एंजिन तापले, तर त्याच्या झाकणाखालील नळीतील पेट्रोलची वाफ होते, पंपाला द्रव मिळेनासा होतो व बिघाड इंधनाचा आहे असा भास होतो. अनेक सिलिंडरांच्या मोटरीत प्रत्येक सिलिंडराला वेगळा कार्ब्युरेटर असल्यास एकच तोटी तुंबूनही हे घडते. बाकीचे सिलिंडर व्यवस्थित चालत राहिल्याने चालकाला केवळ थोडी शक्ती कमी झाल्यासारखे वाटते. तो दट्टा अधिक उघडून वेग वाढवू पाहतो व नेमका त्या वेळी उपाशी सिलिंडर निकामी होतो.

दोषशोधनाची पद्धती : वरील अनुभवातून दोष शोधण्याचा एक क्रम तयार झाला. त्याचे मुख्य तत्त्व असे की, सोप्याकडून अवघडाकडे व बाहेरून आत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

एंजिन तापल्याची सूचना मिळताच गती एकदम उतरवावी व धार पाहावी. धार नसेल तर शक्य तेवढ्या लवकर एंजिन थांबवून ते वर उचलावे व पाणी शोषणाऱ्या जाळीवर शेवाळ, जाळ्याचा दोर किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आहे काय हे पाहावे. जाळी मोकळी असेल तर धारेचे बाहेरचे छिद्र बारीक तारेने साफ करावे; मीठ वा गांधीलमाशीचे घर यांनी केवळ ते छिद्रच बुजलेले असू शकते. त्यानंतरच पंपाचे रबरी चक्र व तिसऱ्या पायरीस थर्मोस्टॅट तपासावा. धार चांगली असून एंजिन तापत असेल तर थर्मोस्टॅट, मिठाने भरलेले मार्ग, ठिणगीची चुकीची वेळ व विरळ मिश्रण यांचा विचार करावा. तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतू नये. असमान आकुंचनाने धातूला तडा जातो.

इंधनाच्या बाबतीत पहिली पाहणी टाकीवरील हवेच्या स्क्रूची व दुसरी रबरी फुग्याची करावी. फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूस आहे. तो कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर हवा शिरत आहे अथवा त्याची झडप निकामी आहे. एंजिन मंदावत असताना फुगा हाताने दाबल्यावर ते पुन्हा जोम धरत असेल, तर एंजिनावरील पंपाचे पटल वा नळी दोषी ठरते. त्याने काहीच फरक पडत नसेल, तर कार्ब्युरेटर, इंधनातील पाणी किंवा ठिणगी यांकडे वळावे. थोडे इंधन काचेच्या भांड्यात घेऊन काही वेळ ठेवल्यास पाणी तळाशी वेगळे दिसते. अखेरीस ठिणगी-गुडदी म्हणजे स्पार्क प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलनाचा, काळा व ओला थर अतिसमृद्ध मिश्रणाचा किंवा ठिणगीच्या अभावाचा, तर पांढुरके, भाजल्यासारखे टोक विरळ मिश्रणाचे वा अतितापाचे लक्षण होय. अशा प्रकारे ताप व इंधन या दोन्ही चौकशा प्लगच्या टोकापाशी एकत्र येतात. एकाच एंजिनातील सर्व प्लग ओळीने मांडून पाहिल्यास उपाशी सिलिंडर लगेच ओळखू येतो.

भारतातील वापर : भारतात आउटबोर्ड मोटरींचा मोठा प्रसार केरळमध्ये झाला. १९५३ मध्ये सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने तेथील मासेमारीच्या यांत्रिकीकरणास चालना दिली होती. परंतु पारंपरिक होड्यांवर आउटबोर्ड मोटरी मोठ्या प्रमाणावर आल्या त्या १९८० नंतरच्या दशकात. यांत्रिक ट्रॉलरांच्या स्पर्धेत मागे पडत चाललेल्या मच्छीमारांना दूरच्या पाण्यात जाण्यासाठी वल्हे व शीड अपुरी पडू लागली होती. पेट्रोलच्या तुलनेने केरोसीन स्वस्त असल्याने तेथे मुख्यतः जपानी बनावटीच्या, केरोसिनावर चालणाऱ्या मोटरी रूढ झाल्या.

केरोसिनाचे बाष्पीभवन पेट्रोलइतके सहज होत नाही. म्हणून मोटर पेट्रोलवर सुरू करून ती तापल्यावर केरोसिनाकडे वळवितात व थांबविण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवितात, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पुढील वेळेसाठी पेट्रोल उरते. केरोसिनाची आघातरोधकता कमी असल्यामुळे या मोटरींचे संपीडन गुणोत्तर कमी ठेवावे लागते. अपुऱ्या ज्वलनाने काजळी साचते, दट्ट्याची कडी चिकटते व प्लग वारंवार साफ करावे लागतात. येथे एक विरोधाभास निर्माण होतो : मोटर फार थंड राहिली तर केरोसीन पेटत नाही आणि फार तापली तर दट्ट्या घासतो. या दोहोंमधील अरुंद पट्ट्यात मोटर चालविण्याचे कौशल्य किनाऱ्यावरील मच्छीमारांनी व खेड्यापाड्यांतील दुरुस्ती कारागिरांनी अनुभवाने मिळविले. खोल पाण्यात, पावसाळी लाटांवर मोटर बंद पडणे म्हणजे दिवसाची कमाई बुडणे तर आहेच. पण होडी लाटांना आडवी होऊन उलटण्याचाही धोका असतो. म्हणूनच पुष्कळ मोठ्या होड्यांवर एकापेक्षा अधिक मोटरी ठेवल्या जातात. त्यामुळे इंधनाचा खर्च वाढतो व मच्छीमारांच्या कर्जात भर पडते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या मोठ्या नौकांत आतच बसविलेली डीझेल एंजिने प्रचलित आहेत. खाड्यांतील लहान होड्या, मालवण-तारकर्लीच्या परिसरातील पर्यटकांच्या नावा व गोव्यातील लहान मासेमारी होड्या यांवर मात्र आउटबोर्ड मोटरी दिसतात. सह्याद्रीच्या पूर्वेस त्यांचे महत्त्व पूर आल्यावर जाणवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आलेल्या महापुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व सैन्यदले यांनी हवा भरलेल्या रबरी नावांना आउटबोर्ड मोटरी लावून लोकांची सुटका केली. पुराचे पाणी शीतनाच्या दृष्टीने अत्यंत प्रतिकूल असते. गाळ, ऊसाचा पाला, कापड व प्लॅस्टिक यांनी शोषणजाळी पुन्हापुन्हा तुंबते आणि गढूळ पाणी रबरी चक्र झिजविते. शिवाय अशा मोटरी वर्षातील बहुतेक काळ गोदामात असतात. त्यामुळे वाकून बसलेली पाती व टाकीत जुने झालेले पेट्रोल हे दोष नेमके गरजेच्या दिवशी प्रकट होतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी मोटरी प्रत्यक्ष पाण्यात, पूर्ण भारावर चालवून पाहणे हा खबरदारीचा महत्त्वाचा भाग ठरतो.

अलीकडील प्रगती : साध्या द्विधाव एंजिनात धूर बाहेर लोटताना ताज्या मिश्रणाचाही मोठा भाग, काही स्थितींत २५ ते ३० टक्क्यांपर्यंत, न जळताच पाण्यात जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये यावर नियम केले व १९९८ ते २००६ या काळात ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यांना अनुसरून इंधन सरळ सिलिंडरात फवारणाऱ्या द्विधाव मोटरी निघाल्या. परंतु सुरुवातीच्या काही नमुन्यांत बिघाड उद्‌भवले. एव्हिन्रूड व जॉन्सन मोटरी बनविणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्यामागील कारणांत हे बिघाडही होते. एव्हिन्रूड हे नाव नव्या मालकाकडे गेले व २०२० मध्ये त्या मोटरींचे उत्पादनही थांबले. दरम्यान होंडा कंपनीने १९६४ पासून चालविलेला चतुर्धाव मोटरींचा मार्ग इतरांनीही स्वीकारला. चतुर्धाव एंजिनात वंगणाचे तेल वेगळे असते. त्यामुळे इंधन कमी पडताच वंगणही कमी पडावे, ही जुनी साखळी तुटली. याची किंमत म्हणून यंत्र जड व महाग झाले आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे किनाऱ्यावरच्या साध्या कारागिराच्या हातातून दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर निसटली.

द्विधाव मोटरींचे मात्र भारतासारख्या देशांत उच्चाटन झालेले नाही आणि त्यांच्यापुढे आता इथेनॉलचा प्रश्न आहे. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांनी मात्र आपल्या मोटरींसाठी १० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे त्याच तोटीतून येणारे मिश्रण अधिक विरळ ठरते. ते हवेतील ओलावा शोषून घेते व पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील शोषणनळीचे तोंड तळाशी असल्याने एंजिनाकडे जाते ते वंगणहीन द्रव. दमट किनाऱ्यावर अर्धी भरलेली टाकी कित्येक दिवस ठेवल्यास ही स्थिती उद्‌भवण्याचा धोका वाढतो. सार्वजनिक वितरणातील केरोसिनावरील केंद्रीय अनुदान २०२० नंतर संपुष्टात आल्यामुळे केरोसिनाच्या मोटरी सोडून पेट्रोलच्या मोटरींकडे वळणाऱ्या मच्छीमारांना या बाबीची माहिती असणे अगत्याचे आहे. टाकी भरलेली ठेवणे, मिश्रण लागेल तेवढेच तयार करणे, पाणी वेगळे करणारी गाळणी बसविणे व मोटर ठेवून देण्यापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा करणे हे यावरील व्यवहार्य उपाय आहेत.

एकविसाव्या शतकात विजेच्या आउटबोर्ड मोटरी पुन्हा प्रचारात येत आहेत. लिथियम घटमालांमुळे त्रूव्हे यांच्या मोटरीची मोठी अडचण बरीच दूर झाली असून खाड्या, तलाव व लहान अंतरे यांसाठी त्या उपयुक्त आहेत. खोल समुद्रातील दीर्घ फेऱ्यांसाठी लागणारी ऊर्जा साठविणे मात्र अद्याप महाग पडते. तोपर्यंत बहुसंख्य लहान होड्या इंधनाच्या मोटरींवरच अवलंबून राहतील आणि पाण्याची धार, रबरी फुगा व प्लगचे टोक या तीन गोष्टी वाचता येणे हे त्या चालविणाऱ्याचे आवश्यक ज्ञान राहील.